तळीखालचा हात

तळी माझ्यामुळं पडली. तात्यांचा हात घसरला नव्हता, मी माझा हात काढून घेतला होता. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. नाहीतर घरादाराचं, खाण्यापिण्याचं सांगत सांगत मी नेहमीसारखा त्याला वळसा घालून पुढं निघून जाईन. असा वळसा घालण्यात माझी उमर गेली आहे. कुणी म्हणेल, त्यात एवढं काय, ताम्हण पडलं, उचललं, झालं. ज्याला तसं वाटतं त्याला खुशाल वाटू दे. आमच्या भागात खंडोबाची तळी पडणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे, आणि ती पडल्यावर एका सरळ माणसाचं काय झालं तेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव खंडोबाच्या अणदूरपासून पायी जाण्याच्या अंतरावर. कुळाचा देव खंडोबा. घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत आणि पावसाळ्याआधी त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि तो आवाज थांबला की लांबवर पिठाच्या गिरणीची फकफक ऐकू यायची. आप्पा, माझे वडील, तोवर गोठ्यातून आलेले असायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पोथी समोर आली तर ते तिला हात जोडायचे आणि दुसऱ्याकडं सरकवायचे. पहिल्या भाकरीचा चतकोर गाईला, दुसऱ्याचा कुत्र्याला, आणि मग घरातल्या माणसांना, एवढा एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. दुसरा नेम लोकांना विचित्र वाटायचा. कुणाशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा त्याच माणसाच्या दारात काहीतरी मागायला उभे राहायचे. विळा मागायचे, विरजण मागायचे, कधी नुसता तंबाखूला चुना. घरात विरजण असायचं, तरी मागायचे. "मागाय गेलं की समोरच्याला देता येतं," ते म्हणायचे. "दिलं की त्येचा बी राग उतरतो, आपला बी." आईला हे अजिबात पटत नसे. "तुमच्या आसल्या वागण्यानं लोक डोक्यावर मुतायलेत," ती चुलीपुढून तोंडावर सांगायची, आणि आप्पा हसून टोपी झटकायचे.

मी आईचा मुलगा होतो. आप्पांचं वागणं मला भित्रेपणाचं वाटायचं. कॉलेजला नळदुर्गला जायचो, एस.टी.त मागच्या सीटवर बसायचो, आणि गावात कुणी आप्पांची थट्टा केली की माझी कानशिलं तापायची. अन्याय करणाऱ्याच्या दारात विरजण मागायला जाणं हा धर्म असेल, तर तो धर्म मला नको, असं मी एकदा आप्पांना म्हणालो होतो. ते म्हणाले, "नगं तर नगं. ताक पी." आज माझं वय त्यांच्या त्या वेळच्या वयाहून जास्त आहे आणि अजूनही मला त्यांचं सगळं पटत नाही. नुसत्या मायाळूपणानं वाईट माणसं सुधारतात असं मी पाहिलेलं नाही. पण त्या वर्षी ज्याला मी वाईट माणूस ठरवलं तो वाईट नव्हता, ही माझी अडचण आहे.

तात्या म्हणजे आप्पांचे थोरले चुलतभाऊ. घर आमच्या घराला लागून. उंच, काटक माणूस. कडबा तोडायच्या यंत्रात एकदा उजवा हात सापडला होता, तेव्हापासून त्या हाताची दोन बोटं ताठ होती. त्या बोटांना गरम-गार काही कळत नसे. चहाची कपबशी ते डाव्या हातानं धरायचे. गावात त्यांना मान होता तो एका गोष्टीमुळं. दोघांची तक्रार मिटत नसली की लोक तात्यांना बोलावायचे. तात्या बेलाची पानं आणि भंडारा तळहातावर घ्यायचे, त्यांना जे माहीत असेल ते सांगायचे, आणि तिथं वाद संपायचा. बेलभंडारा उचलून तात्या बोलले म्हणजे दोन्ही बाजू मान खाली घालून घरी जायच्या. एकदा त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या विरोधात साक्ष दिली होती. मेव्हणा त्यानंतर कधी त्यांच्या घरी जेवला नाही.

माझी थोरली बहीण अक्का. तिला लहानपणी फेफरं यायचं. पडायची, दात आवळायची, थोड्या वेळानं उठून विचारायची, "काय झालं?" मोठी झाल्यावर ते थांबलं. घरात त्याचा उच्चार कुणी करत नसे. मग परंड्याकडच्या, सोनारीजवळच्या गावातून स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. माणसं पाहून गेली, पसंती कळवली, सुपारी फोडायचा दिवस ठरला. त्या दिवशी मुलाचा मामा आधी पारावर थांबला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की या गावात खरं विचारायचं तर तात्यांना विचारावं. त्यानं विचारलं, पोरीत काही खोट? तात्यांनी सांगितलं, लहानपणी फेफरं होतं, आता बऱ्याच वर्षांत नाही. पाहुणे आमच्या दारापर्यंत आलेच नाहीत. अंगणात सतरंज्या अंथरलेल्या तशाच राहिल्या. शिऱ्याचं पातेलं झाकलेलं होतं. संध्याकाळी आईनं तो शिरा म्हशीला घातला.

थोरल्या दिरापुढं बाईनं तोंड उघडायचं नाही, अशी त्या काळची रीत. आई तेरा घरांच्या देखत पदर डोक्यावर घेऊन तात्यांच्या दारात गेली. मी तिच्या मागं होतो.

"खरं बोलायला तुमाला आमचंच घर घावलं व्हय?" ती म्हणाली.

तात्या बाजेवर बसले होते. ते उठून उभे राहिले. "बाई, त्येनं इचारलं नसतं तर म्या तोंड उघडलं नसतं. इचारल्यावर काय करू?"

"मला ठावं न्हाय म्हनायचं. येवढं बी जमत न्हाय?"

"न्हाय जमत," तात्या म्हणाले.

"मग ऱ्हावा तुमचं खरं घेऊन. त्येच खावा, त्येच प्यावा. माज्या उंबऱ्याला पाय लावू नका."

मला त्या दिवशी आई देवीसारखी दिसली. परत येताना तिनं आमच्या दाराची कडी इतक्या जोरात लावली की वरून माती पडली. अक्का आत ज्वारी निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, "तात्यांना मी सोडणार नाही." ती मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी रागावू नको. मला त्या घरात लपूनछपून जायचंच न्हवतं. तुला राग आलाय तर तुझ्या नावानं कर, माझं नाव घालू नको त्यात." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. संतापलेल्या माणसाला ज्याच्यासाठी तो संतापलेला असतो त्याचंही ऐकू येत नाही. आता वाटतं, त्या घरात त्या दिवशी सगळ्यात स्वच्छ बोललेलं माणूस तीच होती.

लगेचच चंपाषष्ठी आली. ज्यांच्या घरी खंडोबा नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत करतात. आषाढापासून घरात वांगं आणि कांदा बंद असतो, त्यामुळं चुलीत वांगी भाजायला टाकली की त्या वासानंच लाळ सुटते. वर कांद्याची पात बारीक चिरून घालतात. देवाला नैवेद्य, मग कुत्र्याला, मग माणसांना. पण जेवणाच्या आधी तळी उचलायची. ताम्हणात नारळ, खोबऱ्याचे तुकडे, विड्याची पानं आणि भंडारा, म्हणजे हळद. पाच पुरुषांनी ताम्हणाखाली उजवा हात घालायचा आणि येळकोट करत वर उचलायचं. चार हात चालत नाहीत. पाच हात एका ताटाखाली येतात तेव्हा कुणाचा हात कुणाच्या हातावर आहे हे वरून दिसत नाही. ते खालच्या हातांनाच कळतं.

आमच्या घरी आप्पा, मी, शेजारचे दोघं आणि तात्या असे पाच असायचे. आप्पा तात्यांना बोलवायला निघाले तेव्हा मी दारात आडवा झालो.

"त्यांना बोलवलं तर मी हात लावणार नाही."

"मग चारच ऱ्हातील."

"राहू देत चार. नाहीतर दुसरा कुणी बघा."

"देव सगळ्यांचा हाय," आप्पा म्हणाले. "तात्यानं खोटं सांगितलं आसतं तर म्या बी गेलो नसतो. खरं सांगितल्याबद्दल माणसाला घराभायेर ठेवायचं म्हणजे आपुन देवापुढं काय तोंड घेऊन हुभं ऱ्हायचं?"

आईनं आतून सांगितलं, "मी रोडगे भाजीन. त्यांच्या पानात वाढणार न्हाय."

"नगं वाढू. मी वाढीन," आप्पा म्हणाले आणि माझ्या खांद्याला हळूच बाजूला करून निघून गेले. ते तात्यांकडून काय मागायला गेले होते कोण जाणे. तात्या आले तेव्हा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून आले. आईनं त्यांच्याकडं पाठ केली. अक्का वांगी सोलत होती, तिनं त्यांना पाट दिला. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, या घरात सगळ्यांना नमायची सवयच लागली आहे. कुणीतरी नाही म्हणायला पाहिजे.

शेजारपाजारची माणसं ओटीवर जमली होती. दिवटी पेटवली. हात लावणार नाही म्हणालो होतो, पण एवढ्या लोकांदेखत मीही बसलो. आम्ही पाचही जणांनी गुडघ्यावर बसून ताम्हणाखाली हात घातले. तात्या माझ्या उजव्या बाजूला होते. त्यांची ती दोन ताठ, थंड बोटं माझ्या तळहाताला लागली. आप्पांनी आवाज दिला, येळकोट येळकोट जय मल्हार. ताम्हण वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं. तिसऱ्यांदा वर नेताना माझ्या हातावर तात्यांच्या बाजूचा सगळा भार आला, कारण त्यांच्या बोटांना जोर नव्हता. त्यांच्या बाजूची तळी दरवर्षी मीच तोलून धरत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. त्याच क्षणी मी हात काढून घेतला. चुकून नाही. विचार करून, समजून उमजून काढला.

ताम्हण तात्यांच्या बाजूला कललं आणि जमिनीवर आदळलं. नारळ गडगडत उंबऱ्याशी गेला. भंडारा सगळ्यांच्या गुडघ्यांवर, तात्यांच्या धुतलेल्या धोतरावर सांडला. मग ओटीवरून शेजारची म्हातारी म्हणाली, "देव झटकतो बाई. तोंडानं कुणाचं वाईट केलं की देव हातातनं झटकतो."

तात्या स्वतःच्या हाताकडं बघत होते. ताठ बोटं त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून पाहिली. "मला कळलं न्हाय," ते म्हणाले. "सुटलं कवा, कळलं न्हाय."

आप्पा खाली वाकून भंडारा गोळा करत होते. "काय न्हाय होत. परत उचलू. तात्या, बसा." पण तात्या उभे राहिले. देवाला हात जोडले, आईच्या पाठीला हात जोडले आणि न जेवता गेले. पाचवा माणूस गेला आणि घर रिकामं झाल्यासारखं झालं. आप्पांनी मग समोरच्या गल्लीतल्या एकाला बोलावून तळी पुरी केली. नंतर रोडगा आणि भरीत ताटात घालून ते तात्यांकडं घेऊन गेले आणि ताट तसंच भरलेलं परत आणलं. मी मात्र पोटभर जेवलो. ते भरीत मला फार गोड लागलं, हेही लिहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात आप्पांनी मला विचारलं, "तुझा हात कुठं हुता रं?"

"तळीखाली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हशीला वैरण टाकली. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. कळलं असेल तर त्यांनी माझ्याकडं विरजण मागायला यायला हवं होतं, असं वाटतं कधी कधी. पण मुलाच्या दारात कसं जाणार, दार तर एकच होतं.

गावात बोलायला एवढं पुरलं. तात्यांनी पोरीचं लग्न मोडलं आणि देवानं त्यांच्याच हातून तळी पाडली. म्हणजे ते खोटं बोलले. नाहीतर देव असं का करेल? ज्यांनी अक्काचं दुखणं खरोखर पाहिलं होतं तेही असंच बोलू लागले. पुढं दोन भावांची विहिरीच्या पाळीवरून तक्रार झाली तेव्हा एकानं तात्यांचं नाव काढलं. दुसरा म्हणाला, "तात्या नगं. त्येंच्या हातून देव काय घेत न्हाय." तात्या पारावरच बसलेले होते. ते उठले, चप्पल घातली, गेले. त्यानंतर त्यांना बेलभंडारा उचलायला कुणी बोलावलं नाही. मला हे सगळं दिसत होतं, आणि काही काळ, मी खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. आईच्या अपमानाचा बदला मी घेतला असं मी समजत होतो. नंतर आवडेनासं झालं, तरी मी गप्प राहिलो. आधी राग होता, मग लाज होती, आणि लाजेची गंमत अशी की ती रागापेक्षा जास्त टिकते.

अक्काला मग भूमचं स्थळ आलं. या वेळी पाहुणे बसले, चहा आला, आणि कुणी काही विचारायच्या आत अक्का मुलाच्या आईला म्हणाली, "मला ल्हानपणी फेफरं यायचं. आता येत न्हाय, पण पुढचं म्या सांगू शकत न्हाय. चालत असंल तर चहा घ्या." आईचा चेहरा पांढरा पडला. मुलाची आई थोडा वेळ अक्काकडं बघत राहिली आणि म्हणाली, "साखर कमी हाय का गं यात?" आणि कप तोंडाला लावला. लग्नानंतर एकदा अक्काला तिथं झटका आला. तिनंच मला नंतर सांगितलं. सासूनं डोकं मांडीवर घेतलं, कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी फसवलं म्हणालं नाही. "त्यांना ठावं होतं ना," अक्का म्हणाली. "त्या परंड्याच्या घरात पडले असते तर काय झालं असतं, सांग. तात्यांनी माझं लई चांगलं केलं." ती हे बोलत होती आणि मी एस.टी.चं तिकीट बोटात गुंडाळत बसलो होतो. तिलाही मी सांगितलं नाही.

आप्पा गेले. काही वर्षांनी आई गेली. मी धाराशिवला राहतो, एस.टी.त नोकरी केली, पण देव गावातल्या घरात आहे म्हणून चंपाषष्ठीला गावी जातो. गेल्या चंपाषष्ठीला मी पहिल्यांदा तात्यांना बोलवायला गेलो. आता ते फार थकले आहेत. सून त्यांना धरून बाहेर आणते. मी म्हणालो, "तात्या, तळीला चला."

"न्हाय रं," ते म्हणाले. "माझा हात देवानं झटकलाय."

"असं काही नसतं, तात्या."

"आसतं. म्या लई इचार केला. खरं बोललो हुतो, पण कदाचित त्या पोरीचं वाईट व्हावं म्हणून बोललो आसंन. मनात आसंल काय तरी. मला कळलं नसंल. देवाला कळतं की." मग ते हसले, दात नसलेल्या तोंडानं. "तवापासनं अणदूरला अनवाणी जातो. आता गुडघं न्हाय ऐकत. तू जाशील तर माझ्या नावानं तेल घाल."

मी त्यांचा मान घेतला हे मला आधीपासून माहीत होतं. पण मी त्यांचं खरंही घेतलं होतं, हे मला तिथं कळलं. जो माणूस सगळ्या आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही तो इतकी वर्षं अंधारात आपल्याच मनात खोट शोधत बसला होता. मी त्यांच्या पायापाशी बसलो आणि सगळं सांगितलं. हात कधी काढला, कसा काढला, आप्पांना काय सांगितलं, सगळं.

मी पायाला हात लावायला गेलो, तर त्यांनी पाय मागं घेतला.

"पाया नगं पडू," ते म्हणाले. आवाज चढला होता, इतक्या वयात. "पाया पडून मिटवतोस व्हय? घरात पडली हुती का तळी? चारचौघांत पडली. मला सांगून काय करतोस, माझा मी मरायला टेकलोय. गावाला सांग. तवर माझ्या म्होरं येऊ नको."

"सांगतो," मी म्हणालो.

"बघू," तात्या म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. क्षमा करणारी म्हातारी माणसं गोष्टींत असतात. तात्यांना राग आला, आणि तो यायलाच पाहिजे होता. मला त्यातच जरा बरं वाटलं, कारण माझ्या गुन्ह्याला पहिल्यांदा कुणीतरी गुन्हा म्हणालं होतं.

घरी सांगितलं तर बायको भडकली. आमच्या मुलीचं स्थळ जमत आलं होतं. "पोरीचं ठरायच्या टायमाला तुमी गावात वरडून सांगणार, आमचं घर खोटं हाय म्हणून? आनि कुणाला आठवतंय आता? जे बघायला हुते ते निम्मे गेले." तात्यांचा मुलगा बंडूही फोनवर म्हणाला, "जाऊ द्या दादा. म्हाताऱ्याचं काय, आज एक म्हणतो, उद्या एक." मुलगी हसत म्हणाली, "बाबा, माईकवर कशाला, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की." मी म्हणालो, तळी व्हॉट्सॲपवर पडली नव्हती. बायकोनं शेवटी असंही विचारलं की तुम्हाला खरंच वाईट वाटतंय का लोकांपुढं मोठं व्हायचंय? असेल, मोठं व्हायचंही असेल थोडं. म्हणून काय गप्प बसू? ज्या घरात लग्न मोडायच्या भीतीनं एकदा खरं दाबलं, त्याच घरात त्याच भीतीनं पुन्हा दाबायचं, हे मला आता मंजूर नव्हतं. जे मोडायचं असेल ते मोडू दे.

गावात हरिनाम सप्ताह बसला होता. काल्याच्या दिवशी दुपारी सगळं गाव देवळापुढच्या मंडपात जेवायला येतं. मी सकाळीच निघालो. जाताना तात्यांच्या घरासमोर थांबलो नाही, बंडूला फोनवर एवढंच म्हणालो की त्यांना खुर्चीवर बसवून आण. पंगती बसल्या होत्या, आमटीच्या बादल्या फिरत होत्या. माईकवर एक पोरगा उभा होता, अन्नदान करणाऱ्यांची नावं वाचत होता. मी माईक मागितला.

"काका, नावं संपू द्या की."

"मला दोन मिनिटं दे."

"घरगुती काय आसंल तर नंतर सांगा. आत्ता माणसं जेवायलेत."

"जेवू देत. जेवता जेवता ऐकतील," मी म्हणालो आणि माईक त्याच्या हातातून घेतला. त्यानं सोडला नाही, थोडी ओढाओढ झाली, आणि भोंग्यातून ती खरखर सगळ्या गावावर गेली. माणसांनी माना वर केल्या. मी डेपोत वर्षानुवर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या आहेत, पण त्या दिवशी पहिलं वाक्य काढायला माईक दोनदा तोंडाशी न्यावा लागला. तात्या पंगतीच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पुढं पत्रावळ होती, हात लावलेला नव्हता. मी त्यांच्याकडं बघून बोललो. लिहून नेलं नव्हतं. जे बोललो ते असं:

"मी आप्पांचा दत्ता. ज्यांना आठवत असंल त्यांनी ऐका, ज्यांना आठवत न्हाय त्यांनीबी ऐका. आमच्या घरी चंपाषष्ठीला तळी पडली हुती. तुमी सगळे म्हणता, तात्यांच्या हातून पडली. ते खोटं हाय. म्या हात काढून घेतला. चुकून न्हाय, मुद्दाम. अक्काच्या लग्नात तात्या जे बोलले ते खरं हुतं, आमच्या घरानं ते लपवलं हुतं. खऱ्या माणसाला आपुन सगळ्यांनी खोटं ठरवलं, आनि ते माझ्यामुळं. आप्पांनी मला इचारलं तवा म्या खोटं बोललो. तात्या, देवानं तुमचा हात झटकला न्हाय. तो मी हुतो. तुमी मला माफ करावं आसं मी म्हणत न्हाय, ते तुमचं तुमी बघा. पण तुमच्या मनात कायबी वाईट नव्हतं. तुमी बरोबर हुता, तवाबी आनि आत्ताबी. माझं चुकलं, तात्या. माझं चुकलं."